नोकरी सुटली, हिशेब अडला : शेवटच्या पगाराचा हक्क

आमच्या गोरेगावच्या बाजारात कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाला कापडापेक्षा माणसांचे भाव लवकर कळतात. कोणत्या दुकानाचा सेल्समन सुटला, कोणत्या राईस मिलचा हमाल घरी बसला, कोणत्या शिलाई दुकानाचा कारीगर नागपूरला गेला, हे संध्याकाळपर्यंत गादीवर येऊन पोहोचते. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट येते, ती अशी की त्याचा शेवटचा हिशेब मालकाने दिला नाही. कोणी पंधरा दिवसांचा पगार सोडून गेला, कोणी दीड महिन्याचा. मालक म्हणतो, "सांगून गेला नाही, सीझनमध्ये दगा दिला, आता पुढच्या महिन्यात बघू." पुढचा महिना येतो आणि जातो. चार चकरा मारून माणूस थकतो. रोजी बुडवून चकरा मारणे परवडत नाही, म्हणून तो पैसे सोडून देतो. मालकाचाही हिशेब बहुधा तोच असतो.

या विषयावर आपल्या पानावर कमी लिहिले जाते, कारण आपल्या वाचकांत मालकही आहेत आणि कारीगरही, आणि बऱ्याच घरांत एक भाऊ मालक आहे तर दुसरा कोणाकडे तरी नोकर. म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. कायदा आता बदललेला आहे आणि तो बदल दोघांनाही माहीत असणे जरुरीचे आहे.

दोन दिवसांची मुदत

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी आपल्या विषयाची म्हणजे वेतन संहिता, २०१९. तिने जुने चार कायदे आपल्या पोटात घेतले : १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६५ चा बोनस कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा. या संहितेचे कलम १७ पगार कधी द्यायचा ते सांगते. रोजंदारीवाल्याला त्याच दिवशी पाळी संपताना, आठवड्यावाल्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी म्हणजे सुटीच्या आधी, पंधरवड्यावाल्याला पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत, आणि महिनेवारीवाल्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत.

त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात शेवटच्या पगाराची गोष्ट आहे. नोकराला काढून टाकले, बडतर्फ केले, कपातीत कमी केले, दुकान किंवा कारखाना बंद पडल्यामुळे तो बेकार झाला, किंवा त्याने स्वतःहून राजीनामा दिला, तर त्याचे देणे असलेले वेतन कामाच्या दोन दिवसांच्या आत द्यावयाचे आहे.

"स्वतःहून राजीनामा दिला" हे शब्द नवे आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे. १९३६ च्या कायद्यातही दोन दिवसांचीच मुदत होती, परंतु ती मालकाने नोकरी संपवली तर. नोकराने सोडली तर त्या मुदतीचा आधार त्याला नव्हता, आणि "तू सोडून गेलास ना, मग थांब" हे वाक्य सर्रास ऐकू येत असे. शिवाय तो कायदा एका ठरावीक पगाराच्या खालच्यांनाच लागू होता. २०१७ साली ती मर्यादा महिना २४,००० रुपये करण्यात आली होती. नव्या संहितेत तशी मर्यादा नाही. मुनीम असो, सेल्समन असो, मॅनेजर असो की झाडूवाला, सर्व कर्मचारी तिच्यात येतात.

आमच्या व्यापारी बंधूंचा एक गैरसमज इथे दूर करावासा वाटतो. "आपल्याकडे दोनच माणसे आहेत, आपल्याला कसला कायदा" असे पुष्कळजण समजतात. बोनसला २० माणसांची अट आहे, ग्रॅच्युइटीला १० माणसांची अट आहे, हे खरे. पण पगार वेळेवर देण्याच्या कलमाला माणसांच्या संख्येची अट नाही. एक नोकर ठेवला तरी तो कर्मचारी आणि तुम्ही मालक. मालक वारला तर त्याचे वारस हे देणे लागतात, कारण संहितेने मालकाच्या व्याख्येत मयत मालकाच्या कायदेशीर वारसांनाही घेतले आहे. आणि नोकर वारला तर त्याचे राहिलेले पैसे त्याने नेमलेल्या वारसदाराला द्यावे लागतात, ते गल्ल्यात ठेवून घेता येत नाहीत.

नगावर काम करणाऱ्याचे काय?

आपल्या समाजात महिनेवारी पगारापेक्षा नगावर काम करणारे जास्त. शिलाईवाला शर्टामागे घेतो, जरीवाला साडीमागे, बिडीवाली हजारामागे, मालेगाव-भिवंडीचा लूमवाला मीटरमागे. यांना मालक सांगतो की तू नोकरच नाहीस, तू ठेकेदार आहेस, तुझा-माझा संबंध नगापुरता. हा वाद जुना आहे, आणि त्याचे दोन मोठे दाखले आपल्याच महाराष्ट्रातले आहेत. दोन्ही बिडीचे आहेत. आमच्या भंडारा-गोंदियाच्या घराघरांत बिडीचे सूप पाहिलेल्या माणसाला ते लगेच समजतील.

पहिला नागपूरचा. बिर्धीचंद शर्मा विरुद्ध प्रथम दिवाणी न्यायाधीश, नागपूर या नावाने तो सुप्रीम कोर्टाच्या १९६१ च्या अहवालांत छापला गेला. बिडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी पंधरा दिवसांची रजा घेतली, मालकाने त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत, आणि ते वेतन अधिकाऱ्याकडे गेले. मालकाच्या बाजूचे म्हणणे असे की हे लोक आपल्या मर्जीने येतात-जातात, हजार बिडीमागे पैसे घेतात, मग हे कामगार कसले? कोर्टाने पाहिले की काम कारखान्यातच करावे लागते, हजेरी लागते, दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नाही, आणि बिडी नमुन्याबरहुकूम नसेल तर मालक ती काढून टाकतो. म्हणजे देखरेख मालकाची. ते कामगारच ठरले आणि त्यांचा दावा टिकला.

दुसरा नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचा, शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२ च्या अहवालांत छापलेला. तो तर थेट शेवटच्या हिशेबाचाच मामला होता. काम सुटलेल्या एका बिडी कामगाराला चार दिवसांच्या शिल्लक रजेचे पैसे मिळाले नव्हते. चार दिवसांची रक्कम ती काय असणार! पण इथे कामगार पाहिजे तेव्हा येत होता, पाहिजे तेव्हा जात होता, कमीत कमी इतके काम केलेच पाहिजे असे बंधन नव्हते. कोर्टाने बहुमताने ठरवले की कारखाना कायद्याखाली तो कामगार नाही. कामगार हरला.

एकच धंदा, तीच पाने आणि तोच जर्दा, नागपूरला हक्क मिळाला आणि सिन्नरला गेला, कारण कायदा येण्या-जाण्याच्या वेळेत अडकला होता. ही फट पुढे १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने बुजवली. घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानले, आणि माल कमी दिला, बिडी छाटात काढली, छाटाचे पैसे कापले अशा भांडणांसाठी अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट काढून दिली. बिडी कारखानदारांनी त्या कायद्याला आव्हान दिले होते. १९७४ साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. तो कायदाही आता नव्या संहितांत विलीन झाला आहे.

शिलाईवाल्यांसाठी हैदराबादचा दाखला याहून कामाचा. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात १९७३ साली सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न होता, की नगावर शिवणारे दर्जी दुकानाचे नोकर की नाहीत. बहुतेक मशिनी दुकानाच्या होत्या, कारीगर साधारणपणे रोज दुकानात येत, काहीजण कापड घरीही नेत. त्यांना दुसऱ्याचे काम घेण्याची मनाई नव्हती. तरीही कोर्टाने त्यांना नोकर मानले. कापड दुकानाचे, मशीन दुकानाची, आणि शिवण बिघडली तर परत उसवून शिवायला लावण्याचा अधिकार दुकानाचा, मग कारीगर स्वतंत्र व्यापारी कसा? दहा वर्षांनी, १९८३ साली, शायनिंग टेलर्सच्या प्रकरणातही कोर्ट याच बाजूने गेले.

तेव्हा नगावर काम करणाऱ्या कारीगराने "मी तर पीसवर आहे, माझा काय हक्क" असे समजून गप्प बसू नये. उलट ज्याचे स्वतःचे दुकान आहे, स्वतःच्या मशिनी आहेत, दोन कारीगर हाताखाली आहेत आणि जो चार व्यापाऱ्यांचा माल घेतो, तो मात्र या कायद्याखाली नोकर नव्हे. त्याची बाकी ही व्यापारातली उधारी, तिचा रस्ता दिवाणी कोर्टाचा.

मध्ये सट्टेदार किंवा ठेकेदार असला आणि त्याने पैसे बुडवले, तर? संहितेचे कलम ४३ म्हणते की मालक म्हणून ज्याने द्यायचे त्याने दिले नाही, तर ज्या पेढीच्या किंवा कंपनीच्या जागेत माणूस कामाला आहे, तिचा धनी जबाबदार. "सट्टेदाराकडे जा" असे म्हणून कारखानदाराला हात झटकता येत नाहीत.

कापता काय येते, काय नाही

मालक पूर्ण पगार बुडवतो असे क्वचित घडते. जास्त करून तो कापतो, इतका कापतो की शेवटी हातात काही राहत नाही. म्हणून कपातीचा भाग नीट समजून घ्यावा. कलम १८ मध्ये कोणत्या कारणासाठी पगारातून कापता येईल याची यादी दिली आहे. गैरहजेरी, दंड, नोकराच्या ताब्यात खास दिलेल्या मालाचे किंवा पैशाचे त्याच्या हलगर्जीमुळे झालेले नुकसान, दिलेली उचल व कर्ज, मालकाने दिलेले घर, इन्कम टॅक्स, भविष्य निर्वाह निधी आणि अशाच काही बाबी. यादीबाहेरची कपात करता येत नाही. आणि सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीच्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

दंडावर आणखी बंधने आहेत. दंड पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, लावण्याआधी नोकराचे म्हणणे ऐकायला हवे, तो हप्त्यांनी वसूल करता येत नाही, आणि ९० दिवसांनंतर तर नाहीच. नुकसानीची कपात खऱ्या नुकसानीइतकीच, आणि तीही त्याला विचारल्यावर. थान भिजले, उंदराने कुरतडले, ग्राहकाने उचलून नेले, हे सगळे नोकराच्या माथी मारता येत नाही. माल त्याच्या हवाली केलेला होता आणि कसूर त्याची होती, हे दोन्ही दिसले पाहिजे.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा एका दुकानात सेल्समनला महिना १५,६०० रुपये ठरले आहेत. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर रोज ६०० पडले. त्याने १५ दिवस काम करून राजीनामा दिला. त्याची कमाई ९,००० रुपये. ईदला त्याने ६,००० उचल घेतली होती, ती तशीच बाकी आहे. मालक म्हणेल, ६,००० कापून ३,००० देतो. कायदा म्हणतो, निम्म्यापेक्षा जास्त कापू नका, म्हणजे ४,५०० पर्यंत. बाकीचे ४,५०० रोख त्याच्या हातात, दोन दिवसांत. उरलेल्या १,५०० उचलीचे देणे संपत नाही, नोकराने ते फेडलेच पाहिजे, पण त्यासाठी घरचा चुलाच अडवून धरता येत नाही.

नोटीस न देता गेला म्हणून संपूर्ण पगार जप्त, ही आपल्या बाजारातली सर्वांत आवडती पद्धत. कलम १८ च्या यादीत अशी जप्ती कुठेच नाही. १० किंवा जास्त माणसे ठरवून, बिगर नोटीस एकदम गैरहजर राहिली तर ८ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची एक खास तरतूद आहे, तेवढीच. लेखी करारात नोटीसची अट असेल आणि मालकाचे खरोखर नुकसान झाले असेल तर तो आपला दावा वेगळा मांडू शकतो. केलेल्या कामाची उजरत त्यासाठी अडवता येत नाही. शाळेचा दाखला, आधार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स ओलीस ठेवणारे मालकही मी ऐकून आहे. तो तर निव्वळ जुलूम आहे.

उचलीबद्दल थोडे अधिक. वीटभट्टी, पावरलूम, शेती अशा कामांत मोठी पेशगी देऊन माणूस बांधून ठेवण्याची चाल आहे. ती फिटेपर्यंत तू दुसरीकडे जाऊ शकत नाहीस, असे सांगितले जाते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बांधणेच गुन्हा ठरवले आहे आणि वेठबिगारीचे कर्ज रद्दबातल केले आहे. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड बांधकामांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट तर इथपर्यंत गेले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणे हीदेखील सक्तीची मजुरी आहे आणि राज्यघटनेच्या कलम २३ ने ती बंद केलेली आहे.

ग्रॅच्युइटी आणि बाकीचे

पगाराशिवाय हिशेबात आणखी काही येते. १० किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी ५ वर्षे सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी लागू. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्याला ५ वर्षांची अट नाही, त्याला मुदतीच्या प्रमाणात मिळते. महिनेवारी पगारवाल्याची आकारणी सोपी : शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. वरच्याच १५,६०० पगाराच्या माणसाची १२ वर्षे झाली असतील तर वर्षाला ९,००० प्रमाणे १,०८,००० रुपये. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासह.

"तू चोरी केलीस, ग्रॅच्युइटी जप्त" असे म्हणणे मालकाला वाटते तितके सोपे नाही, आणि नोकराला वाटते तितके अशक्यही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी ग्रॅच्युइटी जप्त करायला फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच असली पाहिजे असे नाही, खात्याच्या चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले तरी पुरे. त्याच निकालात तिकिटाचे पैसे ठेवून घेणाऱ्या एस.टी. कंडक्टरांच्या बाबतीत मात्र जप्ती २५ टक्क्यांवर आणली. म्हणजे चौकशी पाहिजे, आणि शिक्षा कसुरीच्या मापाची पाहिजे.

मोठ्या जागी शिल्लक रजेचा पगार असतो, २० माणसांच्या ठिकाणी कमीत कमी ८.३३ टक्के बोनस असतो आणि भविष्य निर्वाह निधी असतो. निधीची कपात पगारातून करून ती भरलीच नाही, तर ते केवळ देणे राहिले असे होत नाही, तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे.

मालकच बुडाला तर काय, हे आम्हा विदर्भातल्या कापडवाल्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांची पहिली मोठी गिरणी, १९८६ साली राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. अशा वेळी एकट्या कामगाराची ताकद काही चालत नाही. आता २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी मोडीत निघाली तर मागच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी बँकांच्या तारण कर्जाच्या बरोबरीने धरली जातात आणि भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी बाजूला काढली जाते. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. तिच्या कर्मचाऱ्यांना निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या हा आदेश जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाला, आणि तरीही ७ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितले तेव्हा पुष्कळांचे पैसे यायचेच होते. कागदावरचा हक्क आणि हातातला पैसा यांत इतके अंतर पडू शकते. लहान दुकानदाराच्या बाबतीत निदान धनी समोर असतो.

मागायचे कसे

आधी लेखी मागणी. साधा कागद पुरे : कधीपासून कधीपर्यंत काम केले, दर काय ठरला होता, किती मिळाले, किती राहिले. एक प्रत स्वतःजवळ ठेवून दुसरी पोस्टाने पाठवावी. जुने रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवले आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागावे आणि पावती जपून ठेवावी. व्हॉट्सअॅपवर पाठवले तर तेही जपून ठेवावे. मोबाईलवर जमा झालेला मागचा पगार, बँकेचे पासबुक, मालाची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड, दुकानातले फोटो, हे सर्व पुरावेच आहेत. बिडीवालीने कार्ड कधीही दुसऱ्याच्या हवाली करू नये.

त्यानंतरही पैसे आले नाहीत तर कामगार खात्याच्या कार्यालयात अर्ज. आमच्या तालुक्याच्या माणसाने गोंदियाला जावे. परंतु काम जिथे केले तिथला अधिकारी, हे ध्यानात ठेवावे. इकडची पुष्कळ पोरे रायपूर, सुरत, हैदराबादला जातात. रायपूरच्या दुकानाचा हिशेब गोंदियाच्या कार्यालयात होणार नाही. संहितेच्या कलम ४५ खाली दावा ऐकणारा अधिकारी राजपत्रित दर्जाचा असतो. अर्ज नोकर स्वतः करू शकतो, त्याची युनियन करू शकते किंवा निरीक्षक करू शकतो. एकाच मालकाकडच्या अनेकांना मिळून एक अर्ज करता येतो, आणि अनुभव असा की एकट्यापेक्षा चौघांच्या अर्जाला धार जास्त असते.

मुदत आता ३ वर्षांची आहे. पूर्वी वेतन प्रदान कायद्यात १२ महिने आणि किमान वेतन कायद्यात अवघे ६ महिने होती. अधिकाऱ्याने शक्यतो ३ महिन्यांत निकाल द्यावा अशी अपेक्षा कायद्यातच लिहिली आहे. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा त्याला अधिकार आहे. नऊ हजार अडवणाऱ्याला त्यावर नव्वद हजारांपर्यंत भुर्दंड बसू शकतो. दहापट दरवेळी मिळते असे कोणी समजू नये. परिस्थिती पाहून अधिकारी ठरवतो. मालकाने तरीही दिले नाही, तर वसुलीचे पत्र जिल्हाधिकाऱ्याकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. शिवाय कमी दिल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा, आणि ५ वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात कारीगराच्या फायद्याचे सगळ्यात मोठे कलम ५९ आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर आहे. मिळाले नाहीत हे नोकराने सिद्ध करायचे नाही. म्हणून ज्या मालकाने वही लिहिली नाही, पगाराची पावती दिली नाही, तो खरोखर पैसे देऊनही फसू शकतो. आमच्या व्यापारी बंधूंनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आणखी एक चाल : कोऱ्या कागदावर अंगठा, किंवा "माझा संपूर्ण हिशेब मिळाला, काही बाकी नाही" असा लिहून घेतलेला कागद, पैसे देण्याच्या आधी. कलम ६० प्रमाणे नोकराने कायद्याने मिळणारी रक्कम सोडून देण्याचा करार केला तरी तो रद्द आहे. तरीही असा कागद पुराव्यात गोंधळ घालतो. जितके हातात आले तितक्याचीच पावती, तारखेसह, आणि बाकीची रक्कम त्याच पावतीवर लिहून.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे हटू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असते आणि फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे.

आपल्याकडे प्रकरण आधी मशिदीच्या जमातीपुढे किंवा बाजारातल्या दोन बुजुर्गांपुढे जाते. त्यात वाईट काही नाही. बहुतेक हिशेब तिथेच सुटतात आणि सलोखाही राहतो. फक्त पंचांनी आकडा लिहून, तारीख घालून, दोघांच्या सह्या घ्याव्यात. तोंडी तडजोड सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या हा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. आणि पंचांकडे चकरा मारताना तीन वर्षांची मुदत चालूच असते, ती कोणासाठी थांबत नाही.

घाम सुकण्याआधी मजुराची उजरत द्यावी ही इब्ने माजामधली हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने जुम्याच्या बयानात ऐकली आहे. तिच्याहून कमी ऐकली जाणारी एक रिवायत सहीह बुखारीत आहे. गुहेत अडकलेल्या तीन माणसांचा तो किस्सा. त्यांपैकी एकाकडे मजूर काम करून उजरत न घेताच निघून गेला होता. एका रिवायतीप्रमाणे ती उजरत एक माप तांदळाची होती. मालकाने ती आपल्या कोठीत मिसळली नाही. त्याने ते धान्य पेरले, पिकातून गुरे घेतली, गुराखी ठेवला. बऱ्याच दिवसांनी मजूर आपले माप मागायला आला तेव्हा त्याने सगळा कळप त्याच्यापुढे केला. मजुराला वाटले आपली थट्टा चालली आहे. आमचा मुलूख तांदळाचा. राईस मिलच्या मालकांना आणि तिथल्या हमालांना, दोघांनाही हा हिशेब सांगायला सोपा जातो.

व्यापाऱ्याने काय करावे, तर माणूस सुटला त्याच दिवशी संध्याकाळी वही काढून तीन ओळी लिहाव्यात : कमाई, उचल, बाकी. रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. नुकसानीचे भांडण असेल तर त्याला बसवून विचारावे आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे. तो पैसे घ्यायला आलाच नाही तर त्याच्या खात्यात टाकावे किंवा मनीऑर्डर करावी आणि पावती वहीला टाचावी. लग्नसराईत माणूस सोडून गेला की राग येतो, हे मी कापडवाला असल्यामुळे चांगले जाणतो. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा ठेवायचे की नाही, हे ठरवायला मालक मोकळा आहे.